परवाना मिळेलही, पण शिकारी कुठून आणणार?

हरभऱ्याला घाटे धरायला लागले की माळरानाकडेच्या गावांत जागल सुरू होते. बांधावर जुन्या साड्या ताणलेल्या असतात, कोणी कारबाइडची बंदूक वाजवतं, कोणी बॅटरी फिरवत रात्रभर डबा बडवतं. कर्जत, येवला, उत्तर सोलापूर या तालुक्यांत कळवीट. विदर्भात रोही आणि रानडुक्कर. प्राणी बदलतो, सकाळचं चित्र मात्र तेच. शेंडे खुडलेले, सरी तुडवलेली आणि शेतकरी मोबाइलवर फोटो काढत उभा. त्यानंतरच्या ग्रामसभेत मागणीही ठरलेली असते: भरपाई नको, मारायची परवानगी द्या.

या मागणीमागचा राग खोटा नाही. दोन एकरांचा हरभरा एका कळपानं आठवड्यात साफ केला, तर पंचनाम्याच्या कागदावर पोट भरत नाही. पण या मागणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही. परवानगी मिळाली की प्राणी मरेल, हे ते गृहीतक. तो मारणार कोण? ज्याच्या हातात कधी बंदूक आली नाही, ज्यानं कधी माग काढला नाही आणि ज्याच्या गावात हे शिकवणारा माणूसच उरलेला नाही, तो?

आधी कायदा पाहू, कारण पारावर त्याबद्दल बरंच उलटसुलट बोललं जातं. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ चा. त्याच्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे. कळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणजे वाघ-बिबट्याच्या पंक्तीत. त्यांच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान दंड २५ हजार झाला. पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोका झाला किंवा बरा न होण्याइतका जखमी-आजारी असला, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारायची परवानगी देऊ शकतात. पीक खाल्लं हे कारण तिथं चालत नाही. त्यामुळे कळवीट मारायचा परवाना कोणताही वनाधिकारी देऊ शकत नाही. मतं मागायला येणारे पुढारी काहीही सांगोत.

रोही आणि रानडुकराचं वेगळं. हे दोन्ही दुसऱ्या अनुसूचीत आहेत आणि कलम ११ मध्ये उभ्या पिकाच्या नुकसानीसाठी त्यांना मारायची परवानगी देण्याची सोय आहे. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये शासन निर्णय काढून ही वाट स्थानिक वनाधिकाऱ्यांपर्यंत खाली आणली. म्हणजे मागणी होते ती परवानगी दोन प्राण्यांपुरती कागदावर आधीपासून आहे. तरीही किती गावांत तिचा उपयोग झालेला दिसतो? शेतकरी अर्ज करतो, कागद मिळतो, तो घडी घालून खिशात जातो. कारण पुढचं पाऊल टाकायला लागते बंदूक, आणि बंदुकीमागे लागतो माणूस.

बंदुकीची गोष्ट थोडक्यात. शस्त्र कायदा १९५९ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. तो परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतो, पोलिसांचा अहवाल लागतो, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनंतर सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. ज्यांच्याकडे आजोबांच्या नावाची बंदूक आहे त्यांच्यातल्या अनेकांना प्रत्येक निवडणुकीत ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, आणि आपल्याकडे निवडणुका काय, एक संपली की दुसरी. प्रशिक्षणात बंदूक कशी धरायची, कशी ठेवायची हे कळतं. पिकात उभा असलेला चाळीस-पन्नास किलोचा प्राणी एका गोळीत खाली कसा पडेल, हे त्यात नाही.

आता एक उदाहरण दूरचं, पण मुद्द्याचं. अमेरिकेत हरणांची शिकार कायदेशीर आहे. तिथली पांढऱ्या शेपटीची हरणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही लाखांवर आली होती, आता साधारण तीन कोटी मानली जातात. ती पिकं खातात, बागा खातात, रस्त्यावर गाड्यांना धडकतात. त्यांची संख्या आटोक्यात ठेवायची तर शिकारी लागतात, म्हणून तिथली राज्यं उलट्या चिंतेत आहेत: शिकारी कमी होताहेत. २०१६ च्या केंद्रीय सर्वेक्षणात शिकार करणारे सुमारे १ कोटी १५ लाख निघाले, म्हणजे लोकसंख्येच्या चार टक्क्यांच्या आसपास. बाप मुलाला रानात नेतो ही साखळी शहरीकरणात तुटली. आज तिशी-पस्तिशीतला एखादा माणूस स्वतःच्या घासाचं मांस स्वतः मिळवावं म्हणून शिकायला निघतो, तेव्हा त्याच्या घरात, ओळखीत शिकवणारा कोणी नसतो.

मग तिथं काय करतात? विस्कॉन्सिन राज्याचं पाहण्यासारखं आहे. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला तिथं शिकारीचा सुरक्षा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय परवानाच मिळत नाही. (योगायोग असा की आपला कायदा १९७२ चा. तिकडे ज्या पिढीपासून शिकणं सक्तीचं झालं, इकडे त्याच पिढीपासून शिकणं बंद झालं.) अभ्यासक्रम न करता जायचं असेल तर अनुभवी परवानाधारक सोबत हवा, तोही हाताच्या अंतरावर. चार झाडं पलीकडे बसलेला सोबती चालत नाही. शिवाय राज्याचं वन्यजीव खातं मोठ्या माणसांसाठी वर्ग भरवतं: हरणाची ओळख, कायदा, निशाणा, रानातला एक दिवस, आणि शेवटी सोललेल्या हरणाचं काय करायचं तेही. गुरू नसेल तर सरकार गुरू पुरवतं, कारण गुरूशिवाय सुटलेला नवखा माणूस धोकादायक आहे हे त्यांना अनुभवातून कळलं.

नवख्याचं नेमकं काय चुकतं? तो वाऱ्याकडे पाठ करून बसतो, त्याचा वास हरणाला आधी जातो आणि रान रिकामं होतं. हे निरुपद्रवी. पुढचं तसं नाही. त्याला लांबून गोळी मारायचा मोह होतो. प्राणी हलता असतो, हात थरथरत असतो, गोळी छातीऐवजी पोटात लागते. असं हरीण जागेवर पडत नाही. ते चालत राहतं आणि तासन्‌तास तडफडून कुठल्या तरी झुडपात मरतं. अनुभवी माणूस अशा वेळी लगेच मागे धावत नाही, थांबतो, मग रक्ताचा माग काढत जातो. नवखा धावतो, जनावर आणखी लांब पळतं आणि हाती काहीच लागत नाही. जखमी रानडुकराच्या बाबतीत तर धावणाऱ्यालाच धोका. तिथल्या अभ्यासक्रमात गोळी कधी मारायची यापेक्षा कधी मारायची नाही, यावर भर असतो. समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे दोन्ही डोळ्यांनी स्पष्ट दिसल्याशिवाय चापावर बोट जायचं नाही. म्हणूनच रात्री हरीण मारायला तिथं बंदी आहे, आणि म्हणूनच बहुतेक राज्यांत शिकाऱ्याला भडक नारिंगी जाकीट घालावं लागतं. हरणाला तो रंग नीट ओळखता येत नाही, माणसाला मात्र लांबून दिसतो. विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरच्या नऊ दिवसांच्या हंगामात पाच-सहा लाख लोक बंदुका घेऊन रानात उतरतात. तिथं हे जाकीट १९८० पासून सक्तीचं आहे.

हे जाकीट नसेल तर काय होतं, हे समजून घ्यायला अमेरिकेला जायची गरज नाही. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोर परिसरातल्या जंगलात गावकऱ्यांचा एक गट रानडुकराच्या शिकारीला गेला. झाडीत हालचाल दिसली, डुक्कर समजून गोळी झाडली गेली, आणि ती लागली आपल्याच माणसाला. घाबरून बाकीच्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. पोलिसांपर्यंत बातमी काही दिवसांनी पोचली. कोकणात आणि घाटमाथ्यावर हाका करून शिकारीला जायची जुनी रीत आहे. पूर्वी त्या रिवाजात कोण कुठे बसणार, हाका कुठून येणार, कोणत्या बाजूला बार काढायचा नाही, हे ठरवणारा एक जाणता असायचा. आता जाणता नाही, बंदी असल्यामुळे उघड शिकणं नाही, आणि चोरून जाणाऱ्यांच्या हातात विनापरवाना ठासणीची बंदूक. चोरून जाणारा नारिंगी जाकीट घालणार नाही, हे तर उघडच आहे.

आता हीच गोष्ट आपल्या शिवारात रात्रीच्या वेळी कल्पून पाहा. शेतीपंपाला वीज अनेक ठिकाणी रात्रपाळीची. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला माणसं रात्री दोन-तीनला शेतात असतात. कोणी बारं देतंय, कोणी मोटारीपाशी घोंगडी पांघरून बसलंय. वस्त्या शेतातच, ऊसतोड कामगारांच्या कोप्या बांधालगत. रानडुक्कर येतं ते याच वेळी. रायफलची गोळी चुकली तर ती कोसभर जाऊ शकते. ठासणीचे छर्रे तेवढे लांब जात नाहीत, पण जवळच्याला पुरेसे असतात. अमेरिकेतल्या हरणाच्या शिकारीचे बरेच नियम मोकळ्या रानासाठी आणि दिवसाच्या उजेडासाठी आहेत. आपल्याकडे पीक वाचवायचं ते गर्दीच्या शिवारात आणि अंधारात. म्हणजे तिथल्यापेक्षा जास्त तरबेज माणूस इथं हवा.

आणि तो नाही, म्हणून जे घडतं ते प्रत्येक तालुक्यात माहीत आहे. कुंपणाच्या तारेत करंट सोडला जातो. त्याला ना नेम लागतो, ना जागल. तार वाट पाहते आणि जो पहिला लागेल त्याला धरते. तो रोही असतो, कधी वाघ असतो, कधी शेजारच्या शेतात पाणी धरायला निघालेला चुलतभाऊ असतो. मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हा, वीजचोरीचं कलम वेगळं, आणि दोन घरं एकाच वेळी उद्ध्वस्त. बाजारात मिळणारं झटका मशीन वेगळं. ते क्षणभराचा धक्का देतं, मारत नाही. आकड्याची वीज थेट तारेत सोडणं आणि झटका मशीन यातला फरक अजूनही शेकडो शेतकऱ्यांना कोणी नीट सांगितलेला नाही. दुसरा प्रकार गावठी बॉम्बचा. खाण्याच्या पदार्थात स्फोटक गुंडाळून ठेवायचं, डुकरानं चावलं की जबडा फुटतो. केरळमध्ये मे २०२० मध्ये अशाच स्फोटकानं तोंड फाटलेली गाभण हत्तीण नदीत उभी राहून मेली, तेव्हा देशभर हळहळ झाली. आपल्याकडे गाय चावते, कुत्रं चावतं, त्याची बातमी होत नाही.

शिकवणारा माणूस इथं कधीच नव्हता असं मात्र नाही. फासेपारध्यांना कळवीट जेवढं कळायचं तेवढं आजही फार कमी लोकांना कळतं. खुरावरून नर की मादी, कळप कुठून कुठं गेला, कोणत्या वाटेवर फासा लावला की जनावर हमखास त्यातून जाईल, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे जात होतं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का गेला नाही. मग १९७२ च्या कायद्यानं त्यांचा धंदाच गुन्हा झाला. पर्याय काय दिला, याचं उत्तर आजही त्यांच्या पालांवर जाऊन पाहता येतं. बंदी चुकीची होती असं नव्हे. माळरानावरचं कळवीट त्या बंदीमुळेच वाचलं. रेहेकुरीला १९८० मध्ये अभयारण्य झालं तेव्हा तिथं कळवीट मोजकीच उरली होती. पण माग काढणारा माणूस आपण चोर म्हणून बाजूला काढला आणि आता परवाना हातात घेऊन माग काढणारा शोधत फिरतोय. मध्य प्रदेशात पन्ना इथं पारधी तरुण पर्यटकांना जंगल वाचायला शिकवतात. आपल्याकडे वनखात्याच्या बचाव पथकात, कळपाच्या हालचाली आधी ओळखून गावाला सावध करायच्या कामात अशा माणसांना पगारावर घेता येणार नाही का? हा प्रश्न ग्रामसभेत कोणी विचारत नाही.

सरकारनंच नेमबाज आणावेत, असाही एक उपाय सुचवला जातो. बिहारनं तो करून पाहिला. केंद्रानं तिथं रोही आणि रानडुकराला ठरावीक काळासाठी उपद्रवी प्राणी जाहीर केलं आणि जून २०१६ मध्ये मोकामा भागात हैदराबादहून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेवर रोही मारल्या. केंद्रातल्याच दोन मंत्र्यांत, प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी यांच्यात, त्यावरून जाहीर वाद झाला. वाद बाजूला ठेवला तरी हिशेब राहतोच. बाहेरून आलेला नेमबाज चार दिवसांत निघून जातो, कळप दोन वर्षांत पुन्हा भरतो. केरळनं २०२२ मध्ये दुसरी वाट धरली: रानडुक्कर मारायची परवानगी देण्याचा अधिकार थेट स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिला आणि परवानाधारक बंदूकवाल्यांच्या याद्या केल्या. निर्णय गावात आला, हे चांगलंच. पण यादीत नाव येण्यासाठी आधी बंदूक आणि सराव असलेला माणूस हवा, आणि तो प्रत्येक पंचायतीत असतोच असं नाही. फिरून गाडी तिथंच येते.

यात आणखी एक पाचर आहे, मांसाची. अमेरिकेतला नवखा माणूस पदरचे पैसे आणि सुट्ट्या घालवून शिकतो, कारण शेवटी त्याच्या फ्रीजमध्ये वर्षभराचं मांस येतं. आपल्याकडे कलम ३९ नुसार कलम ११ खाली मारलेला प्राणीही सरकारची मालमत्ता. म्हणजे परवाना घेऊन रानडुक्कर मारलं तरी ते वनखात्याला कळवायचं, पंचनामा व्हायचा आणि मग विल्हेवाट. हा नियम सैल केला तर पिकाच्या नावाखाली मटणासाठी शिकार सुरू होईल, ही वनखात्याची भीती अगदीच अनाठायी नाही. ‘डुकराचा परवाना’ दाखवून भेकर आणि चितळ कापले जातील, हे कोणीही गावकरी सांगेल. पण नियम आहे तसाच ठेवला, तर कोणी दोन-तीन वर्षं घालून ही विद्या का शिकावी? स्वतःची बंदूक, स्वतःची काडतुसं, स्वतःची जोखीम आणि शेवटी कार्यालयात खेटे. परवान्याचे कागद पडून राहतात त्यामागे निम्मं कारण हे आहे.

म्हणून मागणीचा रोख थोडा वळवायला हवा. रोही-डुकरांसाठी परवानगी मागायची असेल तर तिच्यासोबत तालुक्याला एक प्रशिक्षित, पगारी पथकही मागावं लागेल: वनखात्याच्या अखत्यारीतलं, ज्याला शिवार, वस्त्या आणि रात्रपाळीच्या विजेचं वेळापत्रक माहीत असेल. सुट्या शेतकऱ्यांच्या हातात सुट्या बंदुका देऊन हे काम होणार नाही. कळवीटाच्या बाबतीत मारण्याचा विषयच संपतो, पण हलवण्याचा उरतो. मध्य प्रदेशात शाजापूर जिल्ह्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या तज्ज्ञांच्या मदतीनं बोमा पद्धत वापरली गेली. बोमा म्हणजे कापडी-जाळीच्या भिंतींचं नरसाळं. हेलिकॉप्टरनं कळप हाकत त्यात आणायचा, टोकाला ट्रक उभा. शेकडो कळवीट शेतांतून उचलून दुसऱ्या जंगलात नेले गेले. खर्चिक आहे, दरवर्षी प्रत्येक गावात होणारं नाही. तरी नगर-नाशिक-सोलापूरच्या पट्ट्यात निदान सर्वाधिक त्रासाच्या पाच-दहा गावांसाठी ते मागता येतं.

तोवर हाती येणारी एक गोष्ट नवी आहे. केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे २०२६ च्या खरिपापासून पीकविम्यात वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान स्थानिक आपत्ती म्हणून धरलं जाणार आहे. कोणते प्राणी आणि कोणते तालुके, हे राज्यानं अधिसूचित करायचं. त्या यादीत कळवीट आहे का, आपला तालुका आहे का, हे पाहायला आमदारांच्या मागे आत्ताच लागावं लागेल. यादी निघाल्यावर ओरडून उपयोग नाही. नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत अ‍ॅपवर जागेच्या नोंदीसह फोटो टाकायचे आहेत. ज्या शिवारात नेटवर्क येत नाही, तिथल्या शेतकऱ्यानं सकाळी फोटो काढून रेंजसाठी गावच्या टेकाडावर चढायचं, आणि संध्याकाळी पुन्हा जागलीला शेतात.